खिडकीबाहेरून सत्कार

ती. वेल्डाताईस ओर्फाचा नमस्कार.

तुझी साखर आता किती आहे आणि नव्या चष्म्याने बायबलची बारीक अक्षरं लागतात का, ते कळव. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे, माझा डावा गुडघा वगळून. (कागद चर्चच्या पत्रकाचा आहे. पाठीमागे गेल्या रविवारच्या प्रार्थना आहेत, त्याही म्हणून घे, वाया जायला नकोत.)

तर शनिवारी हॅस्लरसाहेबांचा सत्कार झाला. आमच्या नशामुक्ती कोर्टातले सरकारी वकील ते. हे कोर्ट म्हणजे, गोळ्यांपायी पकडलेल्या पोरांना तुरुंगात न टाकता दीड वर्ष बाटलीत लघवी करायला लावतात, दर गुरुवारी जजबाईंपुढे उभं करतात, आणि शेवटी सरकारी वकिलांनी सही केली की खटला पुसला जातो. आमच्या डेल्बर्टचे सतरा महिने झाले. किराण्याच्या वहीतच मी त्याचे दिवस मांडते; पाचशे अठरा, एकही खाडा नाही. धान्याच्या कोठारवाल्याने ट्रक चालवायची नोकरी त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय. त्यापुढे एक दिवसही थांबणार नाही, असं तोंडावर सांगितलंय.

सत्काराच्या कमिटीत सात वकील होते आणि बैठका झाल्या नऊ. टेबलावरचे रुमाल कुठल्या रंगाचे (निळे ठरले), मानपत्रावर ‘करुणा’ आधी की ‘न्याय’ आधी, सगळं मताला टाकलं. आभाराचं भाषण डेल्बर्टने करावं असा कोर्टाचा लेखी हुकूमही काढला. फक्त सत्कार ठेवला त्या क्लबच्या हॉलमध्ये बार आहे, आणि जिथे दारू मिळते तिथे या पोरांनी पाऊल टाकायचं नाही हा याच कोर्टाचा सातवा नियम, एवढं काही एकाही शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. दारातच डेल्बर्ट थबकला. समोर बार, बारमागे तुझा जावई मर्विन, आणि बारला टेकून अख्खं न्यायखातं.

पोरांच्या चुका टिपणाऱ्या नडीनबाई दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “डेल्बर्ट, आत आलास तर मला लिहावं लागेल.”

“आणि नाही आलो तर?”

“तर हुकूम मोडला म्हणून लिहावं लागेल. मी तरी काय करू, बाळा?”

मग वकिलांचा खल सुरू झाला. बारवर चादर टाकली तर कायद्याने तो बार राहतो का, यावर अर्धा तास गेला. (बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पेला, त्यामुळे चादर टाकायला कोणाचाच हात मोकळा नव्हता.) शेवटी डेल्बर्टला मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं केलं आणि माइक खिडकीतून त्याच्या हातात दिला. बाहेर गारा पडत होत्या. मी छत्री धरली, अंगावर अंत्यविधीचा काळा झगा. पोराने पाठ केलेलं सगळं भाषण म्हटलं, थरथरत. मध्येच हॅस्लरसाहेबांना वारा लागला, म्हणून त्यांनी मर्विनकडून खिडकी माइकच्या वायरपर्यंत लावून घेतली. आणि मग मानपत्र छातीशी धरून, डोळे पुसत ते म्हणाले की आपण सर्वांनी या मुलांसाठी दारं कायम उघडी ठेवली पाहिजेत. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काचेतून छान दिसत होतं.

काल गुरुवार. नडीनबाईंनी लिहून आणलं होतं, ‘शरीर बाहेर, डोकं आत.’ जजबाईंनी (शनिवारी त्याही बारपाशीच होत्या) हॅस्लरसाहेबांचं मत विचारलं. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, शेवटचे सहा महिने पुन्हा मोजावेत. वायरपर्यंत लावलेल्या खिडकीतून डोकं आत जाईलच कसं? पण खिडकी लावल्याचं त्यांना काही आठवत नाही.

डेल्बर्ट एवढंच म्हणाला, “साहेब, मी बाहेर होतो. आत तुम्ही होता.”

मी उठून शपथ घेते म्हटलं, तर आईची साक्ष चालत नाही म्हणे. दुसरा साक्षीदार पुढच्या गुरुवारी हजर करा. आता मी सात वकिलांना विचारून पाहिलं. खिडकी कोणालाच आठवत नाही.

असो. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
ओर्फा

ता. क. मर्विनला गुरुवारी सकाळी नऊला कोर्टात पाठव. खिडकी त्याच्याच हाताने लागली. आणि त्या क्लबात कोणी किती पेले घेतले ते नावानिशी चिठ्ठ्यांवर लिहायची पद्धत आहे ना, त्या शनिवारच्या चिठ्ठ्याही त्याने आणाव्यात. कोणाला का आठवत नाही, त्याचा उलगडा होईल.

ता. क. दुसरा. या माणसाचं नाव सत्काराला सुचवलं कोणी, असं तू विचारशीलच. मीच. चार पानी पत्र पाठवलं होतं, सहीच्या वेळी मन मऊ राहावं म्हणून. पण त्यातलं पहिलं पान खरं आहे, ताई. सतरा महिन्यांपूर्वी सगळे पोराला तुरुंगात घाला म्हणत होते. तेव्हा हा एकटाच कोर्टाच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसला, आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच त्याला दिलं, आणि मग आत जाऊन त्याच्यासाठी भांडला. म्हणून मर्विनला सांग, चिठ्ठ्या कोणाला वाचून दाखवायच्या नाहीत. फक्त शर्टाच्या खिशातून जराशा बाहेर राहू देत, हॅस्लरसाहेबांना दिसतील इतपत.