गिअरबॉक्सवरचा काळा रंग

मंगळवार, १० सप्टेंबर

"कॉम्प्युटर गेलाय. नवीनच बसवावा लागेल." दादानं स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशींचा चेहरा पडला. पोरं आत असताना भर चौकात गाडी तीनदा बंद पडलीय. मी म्हटलं, कॉम्प्युटर ठीक आहे. दादा हसला. काकांचा मुलगा, सहा महिन्यांचा कोर्स करून आलाय, त्यामुळं त्याला सगळं ठाऊक.

बाबा म्हणाले, "शनिवारपर्यंत नीट करून दाखव. नाहीतर सोमवारपासून तू काउंटरवर बस, गॅरेज दादा बघेल."

अकरा वर्षं माझ्या नखांत ग्रीस आहे. काउंटरवर बसायला माझं खेटर अडलंय.

बुधवार, ११

दिवसभर व्हॅनखाली. मान आखडली. स्कॅनर म्हणतो तीन सेन्सर खराब. तिन्ही एकदम?

कार्बुरेटरच्या काळात बाबा हवा-पेट्रोलचं माप कानानं जुळवायचे – स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. आता सेन्सर कळवतात: हवा किती आली, इंजिन किती तापलं, इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँक, फिरत कुठं पोचला. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, ठिणगी नेमकी कधी टाकायची. त्याच्यापर्यंत खोटी खबर पोचली तर तो बिचारा खोट्यावरच हुकूम सोडणार. आणि हे त्यालाच फाशी द्यायला निघालेत.

गुरुवार, १२

काही सापडलं नाही. दादा शीळ घालत होता. मुद्दाम.

शुक्रवार, १३

सापडलं!

इंजिन तापलं की गाडी बंद पडते असं सगळे म्हणत होते. तसं नाही. तापल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू होतो, आणि पंखा सुरू झाला की ती बंद पडते. म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायच्या वाटेतच अडथळा. इंजिन आणि बॅटरीच्या मधे मीटर लावला; वाट साफ असेल तर शून्यच दिसायला हवं. पंखा बंद – जवळजवळ शून्य. पंखा चालू – सव्वा व्होल्ट. एवढ्यानं तिन्ही सेन्सर एकदम खोटं बोलणारच. ही परतीची, अर्थची वायर गिअरबॉक्सवर जिथं कसलेली असते, तो बोल्ट काढला. खाली काळा रंग, चांगला जाड. रंगावरच वायर कसलेली! इतके दिवस बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वीज जात होती. आटे गंजले, खेळ संपला.

आणि गिअरबॉक्स काळा रंगवायची खोड फक्त आमच्या गॅरेजला. बाबांनीच लावलेली – "काम केलंय ते दिसलं पाहिजे." या व्हॅनचा क्लच फेब्रुवारीत इथंच बदलला होता.

रंग खरवडला, वायर परत कसली, पंखा चालू केला. इंजिन बंद पडलं नाही, एका लयीत चालूच राहिलं. उद्या सगळ्यांसमोर सांगणार. बाप असला म्हणून काय झालं.

शनिवार, १४

सांगितलं. दादा, काका, मावशी, सगळे उभे होते. खरवडलेला रंग बाबांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, ही तुमची सही.

मला वाटलं चिडतील. त्यांनी रंग निरखून पाहिला. मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "माझाच रंग. वय झालं आता." शटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि दादाला म्हणाले, "काउंटर तू सांभाळ."

जिंकले मी. बाबा दिवसभर गप्प होते. असू देत. मीही अकरा वर्षं गप्पच होते.

रविवार, १५

मावशींच्या व्हॅनच्या सर्व्हिस कार्डावर क्लचची तारीख टाकायची होती म्हणून हीच वही मागं चाळली. १९ फेब्रुवारी, माझंच अक्षर: "बाबा डोळ्याच्या ऑपरेशनमुळं अजून घरीच. व्हॅनचा क्लच एकटीनं बदलला. शेवटी रंगही दिला, थेट त्यांच्यासारखा."

महिन्याला दहा क्लच बदलतो आम्ही. मी विसरले. बाबा विसरले नव्हते.

उद्या शटर मीच उघडणार. काल जे होते त्या सगळ्यांना बोलावणार, रंग माझा होता म्हणून सांगणार आणि किल्ली बाबांसमोर ठेवणार. दादा हसला तर हसू दे.