एकतीस जणींचे पाच तारे

बुधवार, २२ जानेवारी २०२५

आमचं नाव मॅपवरून गेलं. सकाळी लेकीने, पिंकीने, तीनदा शोधलं — 'शेखर पंप सर्व्हिस, पौड' — काहीच येत नाही. रविवारपर्यंत होतं. मी स्वतः बघितलं होतं.

आता कळलं सोमवारपासून फोन का वाजला नाही. मला वाटत होतं, थंडीमुळे. थंडीचा आणि पंप बिघडण्याचा काय संबंध? पण माणूस काहीतरी कारण शोधतोच.

शेखरला अजून सांगितलं नाही. (तोंडाने मी 'अहो'च म्हणते. वहीत नाव लिहिते, इथं कोण ऐकतंय.)

गुरुवार, २३ जानेवारी

मेल आलाय, इंग्रजीत. पिंकीने वाचून दाखवला. ती अकरावीत आहे, घरातलं सगळं इंग्रजी तिच्याकडेच. खोटे अभिप्राय गोळा केले म्हणून आमची नोंद बंद केली आहे.

खोटे कुठले? झालं ते असं — रविवारी माझं हळदीकुंकू होतं. एकतीस बायका आल्या. वाण म्हणून चहाची गाळणी आणली होती. एकेकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि गाळणी हातात देण्याआधी म्हटलं, वहिनी, जरा फोन काढा, आमच्या पंपाला पाच तारे द्या. बऱ्याच जणींच्या फोनला नेट नव्हतं, मग पिंकीने सगळ्यांना आमच्याच वायफायला जोडून दिलं. ज्यांना लिहिता येईना त्यांचं तीच लिहीत होती. 'छान काम.' 'छान काम.' 'छान काम.' शेजारच्या तुळजाबाईंनी मात्र स्वतः लिहिलं — 'हळदीकुंकू छान झालं, गाळणी आवडली.'

दोन तासांत एकाच घरातून एकतीस वेळा पाच तारे! आणि मी स्वतःला किती हुशार समजत होते. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, वर हळदीकुंकू लावून.

शेखरला सांगावं लागलं. तो म्हणाला, "मॅप नसला तरी पंप बिघडत्यात की." एवढंच. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवार, २५ जानेवारी

फोन नाही.

सोमवार, २७ जानेवारी

पौडच्या बाजारात बंडोपंत भेटले. रिटायर झाल्यापासून कोळवणच्या बंगल्यात असतात. सहा वर्षं त्यांची मोटार शेखरच बघतो. म्हणाले, "अहो, मागच्या आठवड्यात मोटार बंद पडली. फोनवर शोधलं तर तुमचं नावच येईना. मला वाटलं, बंद केलंत तुम्ही. मग सगळ्यांत वर 'एक्सप्रेस' म्हणून पंपवाले दिसले, ते आले."

मी म्हटलं, "आमचा नंबर आहे की तुमच्याकडे."

"नंबर कोण शोधत बसतं हो? पंप रिपेअर म्हणायचं, वर येईल त्याला लावायचा."

सहा वर्षं! ह्या माणसाच्या विहिरीत शेखर किती वेळा उतरलाय. काढलेला जुना पार्ट — सील असो, वॉशर असो — तो पेपरात गुंडाळून मालकाच्या हातात देतो. 'हे बदललं, बघून घ्या.' प्रत्येक घरी. अठरा वर्षांची सवय. आणि ह्यांना आमचा एक नंबर शोधायचा कंटाळा.

संध्याकाळी शेखर म्हणाला, हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर माणूस पाहिजे, मार्चपासून. शिट्टी आणि टोपी तेच देतात. मी नको म्हटलं. ज्याला मोटार नुसती ऐकून कळतं काय बिघडलंय, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे? मला रडू आलं. कांदा चिरत होते, खपून गेलं.

गुरुवार, ३० जानेवारी

एक्सप्रेसचा मॅपवरचा पत्ता 'पौड बस स्थानकाजवळ'. म्हटलं बघून तरी येऊ. स्थानकाला दोन चकरा मारल्या. रसवंती, झेरॉक्स, चपलांचं दुकान. पंपवाला कुठेच नाही. रसवंतीवाले एकनाथभाऊ म्हणाले, "असलं दुकान हितं कदी नव्हतंच. रोज कोन ना कोन इचारत येतंय मला."

तिथूनच त्यांचा नंबर लावला. एक मुलगी हिंदीत बोलली, "मॅडम, आपका लोकेशन बताइए." मी म्हटलं, तुमचं सांगा. तिने फोन ठेवला.

म्हणजे दुकान नाहीच. कुठेतरी बसून फोन घ्यायचा आणि कुणाला तरी पाठवायचं. आम्ही खरे, आम्ही गायब. ते खोटे, ते सगळ्यांत वर! रसवंतीचा फोटो काढला आणि तक्रार केली. ह्यांना पौडच्या मॅपवरून काढल्याशिवाय मी राहायची नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नोंद परत सुरू करा म्हणून केलेला आमचा अर्ज नामंजूर.

पत्त्याला लाइट बिल जोडलं होतं. त्यावर सासऱ्यांचं नाव, हैबतराव. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. गावात बिलावरचं नाव कोण बदलतं? बिल भरलं की झालं. पण मॅपवाल्यांना हैबतराव कोण आणि शेखर कोण, ते कसं कळावं. ग्रामपंचायतीचा दाखला काढून पुन्हा अर्ज करायचा. पिंकी म्हणते, आई, आधी ते एकतीस काढायला लाव, नाहीतर काही होणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेखरला काम मिळालं! लवळ्याला, हॉस्टेलांच्या बाजूला, ओळखीतून. सोमवारपासूनच जातोय म्हणे. मी समजत होते चौकात जाऊन बसतो. कुणाची ओळख विचारलं तर, "हाय एक." स्कूटरच्या डिकीत एक पिशवी गाठ मारून ठेवलेली असते. तिच्यात काय, तर "हत्यारं." ह्या माणसाच्या तोंडाला कायमचं कुलूप आहे.

असू दे. गेटच्या नोकरीचं नाव काढलं नाही. जेवलाही नीट. मला तेवढं पुरे.

सोमवार, १० फेब्रुवारी

एक्सप्रेसचे अभिप्राय मी रोज वाचते. बरी होत आलेली खपली काढावी तसं. आठवड्याभरात पाच नवीन आलेत. 'शांत माणूस, नीट काम.' 'वेळेवर आले.' 'जास्तीचं काही गळ्यात मारलं नाही.' 'जाताना फरशी पुसून गेले.' आणि एक — 'काढलेला जुना पार्ट पेपरात गुंडाळून हातात दिला. असा माणूस हल्ली मिळत नाही.'

माझं डोकंच फिरलं. शेखरची सवयसुद्धा चोरली! बंडोपंतांनी सांगितली असणार, नाहीतर आमचे जुने अभिप्राय वाचून उतरवली असणार. पाचही खोटे म्हणून कळवले, एकेकाखाली कारण लिहून. 'ही सवय माझ्या पतीची आहे, हे लोक तिची नक्कल करून लोकांना फसवतात' असं लिहिलं. इंग्रजी पिंकीचं, राग माझा.

शेखरला वाचून दाखवलं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवला. "आसू दे गं. कशाला त्येंच्या नादी लागतीस?" म्हणाला आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला. पुसायला काही नव्हतं, कालच पुसली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पुन्हा तक्रार. रोज एक करायचं ठरवलंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तारे परत घ्या म्हणून घरोघर फिरले. एकतीस घरं. लाज कोळून प्यायले.

तुळजाबाई म्हणाल्या, "आगं, हळदीकुकवात दिल्यालं कुनी माघारी घेतं व्हय? मग तुजी गाळणी बी घिऊन जा." आणि खरंच आत जाऊन गाळणी आणली, चहाची पावडर चिकटलेली, तशीच. माझ्या हातात कोंबत होत्या. मी हात जोडले, गाळणी परत त्यांच्या ओट्यावर ठेवली. शेवटी म्हणाल्या, "शेकरसाटी काडते. तुज्यासाटी न्हाई."

सतरा जणींनी काढले. बाकीच्यांना कसे काढायचे ते जमेना. दोघींनी काढायच्या नादात पुन्हा दिले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज काही केलं नाही. फोन समोर ठेवून बसले. एकदाच वाजला. मी इतक्या घाईने उचलला की हातातून पडला. विमा पाहिजे का म्हणून विचारत होते.

अठरा वर्षं ह्या खोऱ्यात काम केलं आणि एका महिन्यात आम्ही कधी नव्हतोच असं झालं. मला भीती वाटते. लवळ्याचं काम किती दिवस पुरेल? ते संपलं की शिट्टी आणि टोपी. आणि शेखर काही बोलणार नाही, टोपी घालून मुकाट जाईल. हे सगळं माझ्या त्या गाळण्यांमुळे. हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मेल आला! 'आपण कळवलेली नोंद तपासून काढून टाकण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.'

पिंकीने लगेच शोधलं. एक्सप्रेस नाही. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. महिन्यात पहिल्यांदा मी मोठ्याने हसले. शिरा केला. तुळजाबाईंना वाटीभर नेऊन दिला, त्यांनी पण घेतला. आमची नोंद अजून तपासणीत आहे, पण येईल. आता मध्ये कुणी नाही.

शेखरला शिरा देता देता सांगितलं. त्याने एक घास खाल्ला, "ग्वाड झालाय" म्हणाला आणि ताटली बाजूला सारली. एरवी दोनदा मागून घेतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शेखर आज कामावर गेला नाही. दहा वाजले तरी ओट्यावर बसून. विचारलं, लवळ्याचं काम संपलं का? उठला. स्कूटरच्या डिकीतली पिशवी आणली, गाठ सोडून माझ्यापुढे ठेवली. निळा टी-शर्ट. पाठीवर 'एक्सप्रेस'.

"तीन आठवडं त्येंच्याच कामावर जात हुतो. त्येंनीच फोन केल्ता, हितला मानूस पायजे म्हनून. तू त्येंच्यावर उठल्याली, तुला कसं सांगू?" मग म्हणाला, "कालपासनं त्येंचा बी फोन न्हाई."

ते पाचही अभिप्राय त्याच्याच कामाचे होते. ते खोटे आहेत असं मीच लिहून दिलं.