न्यूट्रलमधला आवाज

बाबा, तुमच्या गाडीने मला वेड लागायची पाळी आणली आहे. न्यूट्रलला उभी केली की बॉनेटखालून कटकटकट, ॲक्सिलरेटर दाबला की गप्प. अड्याळहून पवनीला शाळेत शिकवायला जाताना रोज ऐकते. गॅरेजमध्ये नेली की मात्र सोंग करून मुकाट उभी. एका मिस्त्रीने टॅपेट सेट केले, दुसऱ्याने बेल्ट बदलला, तिसरा हात पुसत म्हणाला, "मॅडम, इंजन काम मांगून राहिलं. कायले जीव लावता? विकून टाका." नवऱ्याने रविवारी गिऱ्हाईकच बोलावलं. तोवर आवाज सापडला नाही तर देऊन टाकू, असं मीही चिडून कबूल करून बसले.

तुम्ही असता तर आधी माझ्यावरच खेकसला असता. मी कॉलेजात होते. अंगणात गाडी उभी आहे, तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले, आणि मी नुसतं म्हणते, "बाबा, इंजिन वाजतंय." मान वर न करता तुम्ही म्हणता, "वाजते म्हणजे काय वो माय? थंडं असताना का गरम झाल्यावर? उभ्या गाडीत का चालत्या? एकेका जागी हात ठेवून पाह्य. जेथं हात ठेवला का आवाज बंद होते, थेच वाजून राहिलं." मी पाय आपटत घरात निघून गेले होते.

शनिवारी शेवटी तेच केलं. एकेक भाग दाबत गेले, चटका बसला, तुम्हाला चार शब्द ऐकवले. एअर फिल्टरच्या डब्यावर हात ठेवला आणि आवाज थांबला. डब्याखालचं रबर कधीचंच गेलेलं. मग आठवलं, गेल्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीने तिथूनच निळ्या स्लिपरचा तुकडा काढला होता, तुम्ही अंगणात घालायचात तसल्याच. "कचरा अडकला होता," म्हणाला. मी म्हटलं, फेका. तो तुम्ही बसवलेला होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. सांगायला काय झालं होतं, बाबा? इतकी वर्षं गाडी तुमच्या चपलेवर चालली आणि मी बेल्ट बदलत बसले!

माझी जुनी स्लिपर कापून तिथे बसवली. गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं. आज गाडी हूं की चूं न करता निघाली. हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून सांगते: त्या आवाजापायी महिनाभर मी गाडीत रोज तुमच्याशी मोठ्याने भांडत होते. आज वाटेत म्हशी आडव्या आल्या, गाडी न्यूट्रलला घेतली, आणि तुमच्याशी बोलायला काही कारणच नव्हतं.