मनातलंही सांग

४ नोव्हें., मंगळवार
सईचे आज ऑफिसात अकरा फोन. दहावा आला तेव्हा खिदिरपूरच्या गोदीत तपासणीसाठी कंटेनर उघडून उभा होतो. प्रश्न एकच. "बाबा, मी मनात आईला ढकललं. पाप लागलं का?" सगळ्यांकडे पाठ करून म्हणालो, "नाही गं बाळा, नाही लागलं." दहा मिनिटांनी परत फोन.

एकोणीस वर्षांची मुलगी. दोन महिने कॉलेज बंद. सुनंदाबरोबर गॅलरीत उभी राहत नाही, नदी ओलांडायच्या लाँचमध्ये तर पाऊलच टाकत नाही. आईवर जीव आहे म्हणूनच नेमका हा विचार छळतो, असं काउन्सेलर मॅडम म्हणतात.

७ नोव्हें., शुक्रवार
मॅडमनी आज मला एकट्याला बोलावलं. तिला किती वेळा उत्तर देता? म्हटलं, विचारेल तितक्या वेळा. बाप आहे. त्या म्हणाल्या, "दादा, वही तो बीमारी का खाना है. जवाब मत दीजिए. हां भी नहीं, ना भी नहीं."

मग त्यांनी विचारलं, मनातलं सगळं तुम्हाला सांगायची ही सवय कधीपासूनची?

सांगितलं. सई पाच वर्षांची असल्यापासून. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की देवासमोर बसून दिवसभरात काय चुकलं ते मला सांगायची. ऐकून मी अंगारा लावायचो. "मनातलंही सांग, देवाला ते आधीच दिसतं," हे माझं ठरलेलं वाक्य.

मॅडमनी लिहून घेतलं.  काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ नोव्हें., रविवार
सईचा कॉलेजचा विषय तत्त्वज्ञान. तिच्या पुस्तकात एक प्रकरण आहे, आजचं मानसशास्त्र त्यातून कसं निघालं त्याचं. इंग्रजी जड. शब्दकोश घेऊन दुपारभर बसलो. समजलं ते असं. फार पूर्वी तिकडचे तत्त्वज्ञ रात्री स्वतःच्या दिवसाची झडती स्वतःच घेत. पुढे लोक ते धर्मगुरूच्या कानात सांगू लागले. मग डॉक्टर ऐकायला बसला. आता मॅडम. खुर्ची तीच, बसणारा बदलला. आमच्या घरी त्या खुर्चीवर मी बसलो. कुणी बसवलं नव्हतं.

आणखी एक. मनात आपसूक उठतं ते वेगळं, आणि आपण त्याला 'हो' म्हणतो ते वेगळं. हा फरक त्या जुन्या लोकांनी केव्हाच करून ठेवलाय. मॅडमचे उपचार त्याच पायावर. आपल्याकडे तरी काय, मन पाहणारा मनाहून निराळा, हे मी रोज पूजेत घोकतो. सईला मात्र...

सुनंदा चहा घेऊन आली. पुस्तक पाहिलं. "तुम्ही कस्टमवाले. पोरीच्या मनातलं सामानही उघडून पाहिलंत. आता वाचा."

१३ नोव्हें., गुरुवार
उत्तर न देण्याचा पाचवा दिवस. सई स्वयंपाकघराच्या दारात. "बाबा, फक्त 'नाही' म्हणा. एकदाच. लास्ट टाइम." मी दुधी चिरत राहिलो. "बाबा, तुम्ही गप्प, म्हणजे पाप लागलंय. असंच ना?" मग चौकटीवर डोकं आपटून घेऊ लागली. सुनंदा धावली तर किंचाळली, "आई, तू जवळ येऊ नको!"

कपाळाला टेंगूळ. सुनंदा माझ्याशी बोलत नाही.

जप झाला नाही.

१८ नोव्हें., मंगळवार
गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. शनिवारी मारुतीच्या पारावर आम्हा पोरांना ओळीत बसवायचे. "हातानं काय केलंस? तोंडानं काय बोललास?" एवढंच. मी एकदा म्हटलं, गुरुजी, मनात शिवी दिली. हसले. "ती तुझ्यापाशीच ठेव की लेका. मला कशाला देतोस?"

म्हणजे मनाचं गुरुजींनी कधी विचारलंच नाही. ते मी जोडलं. का? देवाचं नाव पुढे केलं, पण खरं म्हणजे मला हवं होतं. बदलीच्या गावांत दुसरं कुणी नव्हतं. लेकीनं आपल्यापासून काही म्हणजे काही लपवू नये, असं वाटायचं. ते पोटभर मिळालं.

आज सईनं सहा वेळा विचारलं. काल नऊ. खुश व्हायची भीती वाटते.

२३ नोव्हें., रविवार. बागबाजार घाट
मॅडमनी दिलेला पाठ. सई आणि सुनंदा, दोघींनीच लाँचनं हावड्याला जायचं आणि यायचं. कठड्याशी शेजारी उभं राहून. मी सोबत नको. मी असलो की ती विचारणार.

मघाशी लाँचच्या फळीवर पाऊल टाकताना सई वळली. ओठ पांढरे. "बाबा, काही होणार नाही ना?" पुढे चला म्हणून मागचे लोक बंगालीत ओरडत होते, "चलून, चलून!" मी तिच्याकडे पाहत राहिलो. नजर खाली वळवली नाही, इतकंच जमलं. सुनंदानं तिचा हात धरला. सईनं तो सोडवून घेतला. पण चढली.

पायरीवर बसून लिहितोय. खिशात माळ आहे, काढली नाही. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मी देवाला एकच विचारतो, माझं काही चुकलं का? त्यानं एकदाही उत्तर दिलेलं नाही. याचा मला राग होता, हे आज कळतंय.

लाँच वळली. परत येतेय. कठड्याशी गर्दी आहे. दोन साड्या शेजारी शेजारी दिसतात, पण सई साडी नेसलेली नाही. पुन्हा पाहतो. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही.