तळघरातली बुरशी आणि वरचा चुंबक

४ मार्च, मंगळवार
रोजनिशी सुरू. कारण: शोध लावणाऱ्याने तारखा नीट ठेवाव्यात, नाहीतर 'आधी कोणी पाहिलं' यावरून पुढे भांडणं होतात. शोध अजून लागलेला नाही. तयारी असावी.

संस्थेच्या दारातल्या फळ्यावर 'या महिन्याचे शोध' लावलेत. आठ कागद. तिसऱ्या मजल्यावर कुठल्याशा गोठवलेल्या धातूतून वीज न अडखळता पळाली. दुसऱ्या मजल्यावर सिद्ध झालं की पूल बांधताना निम्म्या मुंग्या नुसत्या उभ्या असतात, आणि त्यामुळेच पूल टिकतो. पहिल्या मजल्यावर प्लास्टिक पचवणारा एक जंतू सापडला. हे सगळं ज्या काचेच्या भांड्यांत झालं, ती मी उकळली. (दुरुस्ती: मुंग्यांना माझी भांडी लागली नाहीत.)

मी तळघरातल्या वाढ-खोलीचा तांत्रिक सहायक. वय चव्वेचाळीस. विज्ञानाचा पदवीधर.

६ मार्च
बुरशीताई आज खाली आली. ही बुरशीवर पीएच.डी. करते, म्हणून सगळे तिला बुरशीताई म्हणतात. तिच्या चकत्या, म्हणजे बशीतल्या बुरश्या, माझ्या खोलीतल्या उघड्या फळीवर वाढतात. प्रबंध पंधरा एप्रिलला द्यायचा आहे. चार वर्षांचं काम. म्हणाली, काका, माझ्या चकत्यांना काही झालं तर मी इथेच फळीवर येऊन पडेन, मलाही मोजत बसा.

मला काका म्हणते. मी चव्वेचाळीस.

तिला सांगितलं, निर्धास्त राहा, खोलीचं तापमान बावीस, नऊ वर्षं बावीस. रजिस्टर दाखवलं. सकाळी दहा, दुपारी चार, एकही रकाना रिकामा नाही. ती हसली. आदराने असावं.

७ मार्च
महत्त्वाचा दिवस. शांतपणे लिहितो.

बुरशीताईने नको असलेल्या बारा चकत्या मला सरावाला दिल्या होत्या. रोज पट्टीने मोजतो. साधारण दिवसाला चार मिलिमीटर वाढतात. काल मात्र सहा. मंगळवारचीही सहाच होती, तेव्हा मी पट्टीवर संशय घेतला होता.

मंगळवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी आमच्या डोक्यावर, तळमजल्यावर, चुंबकवाल्या सरांचा मोठा चुंबक चालू असतो.

दोनदा वाचलं. मग खाली तीन रेघा ओढल्या. (दुरुस्ती: पाच.)

१० मार्च, सोमवार
संकल्प: घाई नाही, गाजावाजा नाही, स्वतःवर कडक नजर. निम्मे शोध माणसाला जे हवं असतं तेच दिसल्यामुळे लागतात. मी तसा नाही, हे स्वतःला तीनदा विचारून घेतलं.

सोमवार असल्याने रजिस्टर शुक्रवारपर्यंत भरून टाकलं. शिस्त असली की डोकं संशोधनाला मोकळं राहतं.

१२ मार्च
कालची वाढ सहा मिलिमीटर. पुन्हा!

परिणामाला नाव काय द्यावं? स्वतःचं नाव देणं उथळपणाचं. 'तळघर परिणाम' ठीक. लोकांनी पुढे आपणहून माझं नाव जोडलं तर अडवणार कसं?

बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, दिवसभर फ्रिजचा काटा बघते, त्यामुळे विचार तेवढाच. म्हणाली, अरे, त्या दिवशी खोली गरम असेल. म्हटलं, बावीस. म्हणाली, बघितलंस? म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे. म्हणाली, मी रजिस्टरचं नाही विचारलं. काही लोकांना लेखी पुरावा चालत नाही.

१३ मार्च
पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, बाबा, फ्रिजच्या दारावर सात चुंबक आहेत, मग आतल्या ब्रेडला रोज बुरशी का नाही लागत? हिच्यात संशोधक वृत्ती नाही असं वाटून गेलं.

संध्याकाळी ब्रेड पाहिला. लागली होती. नोंद केली.

१८ मार्च
नियंत्रित प्रयोग. चुंबकाला अडवायचं तर लोखंड हवं. घरातून बायकोचा पत्र्याचा केकचा डबा आणला, सहा चकत्या त्यात, सहा बाहेर. डबा नेल्याचं तिला सांगितलेलं नाही. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा वाईट गोष्टी झाल्या आहेत.

१९ मार्च
बाहेरच्या सहा मिलिमीटर. डब्यातल्या सात!

आधी खचलो. डब्याने परिणाम अडायला हवा होता. मग जिना चढताना लख्ख उजाडलं: परिणाम लोखंडाला जुमानत नाही. लोखंडाने तो उलट वाढतो. म्हणजे हे साधं चुंबकत्व नव्हेच. भौतिकशास्त्राला धक्का आहे.

इतका मोठा धक्का द्यायचा माझा हेतू नव्हता, हे इथे नमूद करतो.

२० मार्च
चुंबकवाल्या सरांना जिन्यात गाठून सहज विचारलं, तुमच्या चुंबकाचा जोर तळघरात किती? म्हणाले, अहो, नगण्य. तुमच्या फ्रिजवरचा चुंबक जास्त. आणि घाईने वर गेले.

नगण्य! म्हणजे बुरशी किती संवेदनशील असेल!

२१ मार्च
उलट तपासणी. काल चार चकत्या चुंबकाच्या अगदी शेजारी ठेवल्या होत्या, वर. त्या खोलीत थंडी इतकी की वरचे लोक जाकीट घालून बसतात. वाढ: तीन मिलिमीटर.

दुसरा कोणी असता तर इथे सिद्धान्त सोडून घरी गेला असता. मी दुपारभर विचार केला. निष्कर्ष: परिणाम फक्त खालच्या दिशेने जातो.

बायको केक करायला गेली, डबा नाही. म्हटलं, माहीत नाही. हे खोटं होतं. रविवारी सांगेन.

२५ मार्च
मानवी चाचणी. विषय: मी. मंगळवार. दहा ते चार तळघरात. निरीक्षणं: अकरा वाजता हाफ स्वेटर काढला. बारा वाजता कपाळावर घाम. एक वाजता गुंगी. एरवी या खोलीत स्वेटरशिवाय बसवत नाही.

तर परिणाम माणसावरही होतो. शरीरात एक ऊब भरून येते, जणू आतून. मानवजातीला याचा उपयोग काय, हे आत्ताच सांगणं बेजबाबदारपणाचं. सांधेदुखी असेल.

चार वाजता रजिस्टर पाहिलं. बावीस, सोमवारीच लिहिलेलं. म्हणजे उष्णतेची शंकाच मिटली. बायकोला दाखवायला हवं.

२८ मार्च
व्याख्यानाला नाव दिलं! दर शुक्रवारी चार वाजता चहाबरोबर दहा मिनिटांचं व्याख्यान असतं, कोणीही देऊ शकतं. नऊ वर्षांत माझं पहिलं. पुढच्या शुक्रवारी. संचालकही येतात, बिस्किटं संपेपर्यंत थांबतात.

कोणालाही आधी दाखवणार नाही. बुरशीताईला दाखवावं असं एकदा वाटलं. पण ती प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात बुडालेली. वाढ-खोलीत माझ्या परिणामाने तिचे आकडे हलले असतील, हे या घाईत कळलं तर पोरगी घाबरेल. नंतर, मायेने सांगेन.

२ एप्रिल
आरशासमोर सराव. सात मिनिटं भाषण, तीन मिनिटं नम्रता. मुलगी दारातून म्हणाली, बाबा, नम्रता थोडी कमी करा, बढाईसारखी वाटते.

डब्याचं अजून सांगितलेलं नाही. रविवारी पाहुणे होते.

४ एप्रिल, शुक्रवार
झालं.

लिहितो. लिहिलंच पाहिजे.

चौतीस माणसं. (दुरुस्ती: एकवीस.) वायरमन शिडीवर, पडद्याचा दिवा दुरुस्त करत होता. मी आलेख दाखवला, मंगळ-गुरूचे उंच खांब. कोणीतरी 'वा' म्हणालं. लोखंडाचा मुद्दा मांडला. खालच्या दिशेचा मांडला. चुंबकवाले सर चहाचा कप तसाच तोंडाजवळ धरून राहिले.

तेवढ्यात वायरमन शिडीवरून म्हणाला, साहेब, मंगळ-गुरू तळघराचा एसी मी बंद ठेवतो ना. चुंबक लागला की लोड झेपत नाही. वर्ष झालं. तुम्हाला उकडत नाही होय?

एकवीस माणसं हसली नाहीत. त्याने जास्त लागलं.

चुंबकवाले सर सौम्यपणे म्हणाले, अहो, मग त्या दिवसांचं तापमान काय होतं? रजिस्टर असेलच ना.

मी म्हणालो, बावीस.

म्हणाले, एसी बंद असताना?

म्हणालो, बावीसच.

पहिल्या रांगेत बुरशीताई होती. तिने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. संचालक म्हणाले, छान, आणि बिस्किटं न संपवता गेले.

५ एप्रिल
सुट्टी असून गेलो. एसी बंद केला, तास थांबलो, तापमापक पाहिला. नऊ वर्षांत कधी पाहिला होता आठवेना. त्यावर धूळ होती, बोटाने पुसावी लागली. सत्तावीस.

बुरशीला ऊब मानवते, बंद डब्यातला दमटपणा त्याहून. हे शाळेच्या पुस्तकात आहे. चित्रासकट.

रजिस्टर घरी आणून चाळलं. सुरुवातीला खरंच पाहायचो, हे नक्की. कधी एकवीस, कधी तेवीस. मग बावीस, बावीस. रोज तेच येतं तर बघायचं कशाला, असं वाटलं असणार. मग आठवड्याचं एकदम. रजेचेही दिवस भरलेले. मागच्या वर्षी जूनमध्ये एक ओळ जास्त. एकतीस जून. सकाळी बावीस, दुपारी बावीस.

त्या दिवशीही मी शिस्त पाळली होती.

६ एप्रिल
आत्ता कळलं, मोठी गोष्ट माझ्या शोधाची नव्हे. बुरशीताईने प्रबंधात लिहिलं असणार: तापमान बावीस, संदर्भ तळघर रजिस्टर. माझ्या शब्दावर. वर्षभराचे मंगळ-गुरू खोटे. परीक्षक विचारतील, ती बावीस म्हणेल, वायरमनचा कोणी भाऊबंद शिडीवर असेलच.

नऊ दिवस उरलेत. संकल्प: उद्या सकाळी सांगणे.

७ एप्रिल
सांगितलं नाही. ती छपाईत होती, चेहरा पांढरा. अशा वेळी माणसावर घाव घालू नये.

८ एप्रिल
लेखी कबुली बरी. चार मसुदे. पहिला फार लांब. दुसऱ्यात दोष एसीवर गेला. तिसऱ्यात वायरमनवर. चौथ्यात मी इतका थोर दिसलो की स्वतःच फाडला.

९ एप्रिल
गेले चार दिवस मी तिचा विचार करतोय की तिच्यासमोर माझं काय होईल याचा? प्रामाणिक उत्तर: सत्तर-तीस. कुठल्या बाजूने सत्तर, ते लिहीत नाही.

बायकोला सगळं सांगितलं. डब्यासकट. ती डब्यावरच जास्त बोलली. म्हणाली, बुरशी ठेवलीस त्यात? मग म्हणाली, अरे, त्या मुलीला उद्या नाही सांगितलंस तर परवा तुझ्याऐवजी मी जाऊन सांगेन, आणि मी काय भाषेत सांगेन ते तुला माहीत आहे.

१० एप्रिल
माहीत आहे. तरी आज नाही जमलं. ती जागेवर नव्हती. (दुरुस्ती: होती.)

११ एप्रिल
सांगितलं. सव्वाअकरा वाजता, तिच्या टेबलाशी, उभ्याने. एकतीस जूनसकट. म्हटलं, तू लिहून दे की चूक माझी, मी संचालकांपुढे सही करतो, मुदत वाढवून मागू.

तिने खुर्ची ओढली. मग म्हणाली, काका, बसा आधी. पाणी दिलं.

म्हणाली, तुमच्या खोलीच्या भिंतीवर तो पांढरा डबा आहे ना, दरवाज्यावर?

म्हटलं, धुराची घंटा.

म्हणाली, तापमान नोंदवणारं यंत्र आहे ते. दर दहा मिनिटांनी. सहा वर्षं झाली. मंगळ-गुरूला सत्तावीस होतं हे मला मागच्या उन्हाळ्यातच दिसलं, ते दिवस मी केव्हाच वगळलेत. प्रबंधात एक तळटीप आहे, दीड ओळीची.

माझा शोध. दीड ओळ. तळटीप.

म्हटलं, मग रजिस्टर?

ती जरा अवघडली. म्हणाली, ते तर यंत्र लावलं तेव्हाच बंद झालं. कागदोपत्री. पण तुम्ही इतक्या मनापासून लिहायचात, कोणाला सांगवेना. संचालक म्हणाले होते, राहू दे, कोणाचं काय जातंय.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्या शुक्रवारी मी दोनदा बावीस म्हणालो, तेव्हा तिलाही खरा आकडा माहीत होता. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, एवढ्या लोकांत कसं बोलू, काका.

तिचं काहीच बिघडलं नाही. मंगळवारी प्रबंध वेळेवर जाणार. याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण थोडंसं तरी बिघडलेलं असतं, निदान एखादा आलेख, तर नऊ वर्षं मी तिथे होतो असं वाटलं असतं. हा विचार वाईट आहे, हे मला कळतं. आहे तसा लिहिला.

घरी बायकोने दारातच विचारलं, सांगितलंस? म्हटलं, हो. काय झालं तिचं? म्हटलं, काही नाही, प्रबंध सुखरूप आहे, माझ्यावाचून कोणाचंच काही अडलेलं नव्हतं.

म्हणाली, मग चांगलंच की. तोंड का असं केलंयस?

म्हटलं, केलं नाही. असंच आहे.