मधेच आलेलं आमेन

३ तारीख, सकाळ
मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. मला स्वतःला वाचता येत नाही, त्यामुळे वही अगदी गुपित.
धाकट्या बहिणीशी सात महिने अबोला आहे. कारण साधंसुधं नाही. प्रार्थनासभेत मी मोठ्यानं प्रार्थना करत होते. आजाऱ्यांसाठी मागून झालं होतं, प्रवाशांसाठी मागायचं बाकीच होतं, आणि ही बया मधेच ‘आमेन’ म्हणाली! सगळ्यांनी डोळे उघडले. दोघं तर चहाकडे गेले.
आधी तिनंच बोलायचं. मी प्रभूवर सोपवलंय. घाई नाही.

३ तारीख, दुपार
खिडकीत बसून धीर धरला. समोरच्या इमारतीत तिनं दोनदा कपडे वाळत घातले. इकडे एकदाही बघितलं नाही. मीही बघत नव्हते.

५ तारीख
सून म्हणाली, मावशी बावीसला लेकीकडे चालल्यात, कायमच्या. म्हटलं, खुशाल जाऊ दे. जेवण गेलं नाही. मीठ जास्त होतं. (नव्हतं, सून म्हणते. नको म्हटलं तरी लिहिते.)

७ तारीख, रविवार
चर्चच्या प्रार्थनापेटीत चिठ्ठी टाकली. नाव घालायचं नसतं. सुनेकडून लिहून घेतलं: ‘प्रभू, माझ्या हट्टी बहिणीला सुबुद्धी दे, तिनं आधी बोलावं.’ आता निवांत वाट बघायची. देवाच्या कामात आपण लुडबुड करू नये. पाळकसाहेबांना एवढंच सांगितलं की निळी चिठ्ठी सगळ्यांच्या वर ठेवा.

१४ तारीख, रविवार
पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचली! आणि लगेच पुन्हा तीच वाचली, शब्दन्‌शब्द. म्हणजे वरून मंजुरी आली. वळून धाकटीकडे बघितलं, तर तीही माझ्याकडे बघून मान डोलावत होती. पश्चात्ताप, दुसरं काय!

१४ तारीख, संध्याकाळ
दुसरी चिठ्ठी तिची होती!! तिला तरी कुठं अक्षर येतंय? सून दवाखान्यात केसपेपर लिहिते, तिथं धाकटीनं रांगेत उभं राहून हिच्याकडूनच लिहून घेतली म्हणे. सुनेला म्हटलं, घरभेदी आहेस. तर म्हणते, आई, मजकूर एकच होता, मला सोपं पडलं.
मी हट्टी? मी?

१७ तारीख
विचार केला. दोघींचं ऐकलं तर देवाची पंचाईत. पण मोठी मी आहे. तो वयाचा मान ठेवेलच. धीर कायम.

१९ तारीख
तिच्या खिडकीचे पडदे उतरले. नुसती उघडी खिडकी. चारदा उठून खिडकीशी गेले. हवा खायला.

२१ तारीख, दुपार
तिची कात्री सात महिने माझ्याकडे पडून आहे. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं पाप. परत द्यायला जाणं म्हणजे बोलायला जाणं नव्हे. हातात ठेवायची, वळायचं, घरी यायचं.

२१ तारीख, रात्रीच्या जेवणाआधी
दार वाजवलं. आतून आवाज आला, ‘कोण?’
ती आधी बोलली! उंबरठ्यावरच तिला सांगितलं, बघ, माझी प्रार्थना ऐकली. ती म्हणते, दार वाजवणं म्हणजेच बोलणं, तेव्हा ऐकली ती तिची. अर्धा तास भांडलो. सात महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. नंतर कोण रडलं, ते लिहायचं नाही.
शेवटी म्हटलं, कायमची जाऊ नकोस गं. तिनं डोळे मोठे केले. कायमची कशाला, आठ दिवस चाललेय! मग पडदे? पडदे धुवायला काढलेत.
‘कायमच्या’ म्हणणारी सून मान खाली घालून लिहितेय. खांदे हलताहेत तिचे.

२२ तारीख, सकाळी नऊ
टॅक्सीपाशी उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना केली. प्रवासीच तर तेव्हा राहून गेले होते. धाकटी ओठ घट्ट मिटून उभी होती, शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही. आमेन टॅक्सीवाला म्हणाला.

साडेनऊ
आठच दिवस. सात महिने धीर धरलेली बाई मी. आठ दिवसांचं काय एवढं!

नऊ चाळीस
सूनबाई, वही ठेव. फोन लाव तिला.