निरंक

१ ऑगस्ट
आज रुजू झालो. वीस वर्षं वार्ताहर म्हणून आपत्ती येऊन गेल्यावर पोहोचत होतो. आता सरकारने ती येण्याआधीच बोलावलं आहे, म्हणजे बढतीच म्हणायची. हुद्दा इशारा-लेखक. देशात कुठेही वादळ, पूर किंवा उष्म्याची लाट येणार असेल तर जनतेला ते शुद्ध आणि न घाबरवणाऱ्या भाषेत कळवायचं. संस्कृत घेऊन मिळवलेली पदवी पन्नाशीत कामाला येईल हे आधी ठाऊक असतं, तर व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावर बसलो नसतो.

कक्ष पहिल्या मजल्यावर, नदीच्या अंगाला. एका भिंतीभर नकाशा, त्यावर बावीस नदीकेंद्रांचे बावीस दिवे, सगळे हिरवे. जिन्याच्या भिंतीवर साहेबांनी प्रशिक्षणासाठी मोजपट्टी रंगवून घेतली आहे, केंद्रांवर नदीतल्या खांबांवर असते तशी हुबेहूब. तळाच्या पायरीपासून आमच्या दारापर्यंत, एक ते सोळा फूट, ठळक काळे आकडे. डबा खायला मी रोज सोळा फूट बुडणार.

खरा आनंद वेगळाच. ताई आता तासाभराच्या अंतरावर आली. तिचं घर सात नंबरच्या केंद्राला लागूनच आहे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. हिच्याच मांडीवर वाढलो. फोनवर म्हणाली, पंडितराव, आता तरी पावसाचं आधी सांगत जा, माझे कपडे वाळत नाहीत.

३ ऑगस्ट
आज रंगीत तालीम. काल्पनिक पूर बरोबर अकराला आला आणि जेवणाच्या सुट्टीआधी शिस्तीत ओसरला. योजनेचं पुस्तक सातशे पानी. बोट कुठे ठेवली आहे ते सहाशे बाराव्या पानावर. तिची किल्ली कुणाकडे, ते परिशिष्टात. परिशिष्ट छापायला गेलं आहे.

केंद्रांनी दर तीन तासांनी फोनवर अहवाल द्यायचा. पाणी चढलं असेल तर खांबावरचा आकडा, नसेल तर एकच शब्द: निरंक. तो आला की दिवा हिरवा. साहेबांचा या शब्दावर फार जीव. मी आपलं सहज म्हणालो की अंक म्हणजे जसा आकडा तशी मांडीही, तेव्हा निरंक म्हणजे मांडीला मुकलेला. कुणी हसलं नाही. सरकारात कोटी करायचा अधिकार वरिष्ठांना असावा.

५ ऑगस्ट
सात नंबरचा मोजणीदार निरंकऐवजी ‘सगळं झकास आहे’ असं कळवतो. अठरा वर्षं तेच. त्याला वळण लावायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. माणूस गरीब स्वभावाचा. म्हणाला, गुरुजी, म्हणतो की, पण अर्थ तरी सांगा. मग मी रंगात आलो. निर् म्हणजे नसलेला, अंक म्हणजे आकडा. जिथे आकडा नाही ते निरंक. म्हणजे आकडा दिसला नाही की निरंक म्हणायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शाबास, इतकं सरळ उत्तर आमच्या वर्गात कुणी दिलं नव्हतं.

तेव्हापासून दर अहवालाला शेपूट असतं: बरोबर ना, गुरुजी?

८ ऑगस्ट
समुद्रातलं वादळ आत वळलं. सकाळी पिवळा इशारा, दुपारी नारंगी, चहाच्या वेळेला लाल. मी मसुद्यात ‘ताबडतोब घर सोडा’ असं लिहिलं होतं. साहेबांनी त्याचं ‘यथावकाश स्थलांतराचा विचार करावा’ केलं. शुद्धलेखनाची चूक मात्र एकही नाही.

ताईचा फोन. अर्धी गल्ली निघून गेली आहे. म्हणाली, तुझ्या साहेबांची भाषा मला कळत नाही, तू ऊठ म्हणालास की पिशवी उचलते. इतका भरवसा माणसाने माणसावर ठेवू नये.

९ ऑगस्ट
सात नंबर. सहाला नऊ फूट. नऊला तेरा. बाराला सोळा. ताईला सांगितलं, पिशवी भरून दारात ठेव, तीनच्या अहवालानंतर सांगतो.

तीनला फोन वाजला. निरंक. बरोबर ना, गुरुजी? मी खुर्चीतून उठून ‘बरोबर!’ असं ओरडलो. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

ताईला कळवलं, पाणी उतरलं, थांब घरीच. ती म्हणाली, अरे, पण अंगणात पाणी आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, पावसाचं साचलं असेल, नदीचा अहवाल निरंक आहे. बरं बाबा, म्हणाली, तू म्हणतोस तर.

१० ऑगस्ट, सकाळ
ताई फोन उचलत नाही.

सात नंबर वेळेवर. सहाला निरंक, नऊला निरंक.

आत्ता जिना उतरताना मोजपट्टीकडे नजर गेली. चौदा, पंधरा, सोळा. सोळाच्या वर कोरी भिंत. वर आकडाच नाही. पाणी सोळाच्या वर गेलं, तर खांबावर वाचायला काय उरतं?

आकडा दिसला नाही की —

मीच शिकवलं. शाबासकीही मीच दिली.

१० ऑगस्ट, दुपार
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दिवा हिरवा आहे. बोट मागितली. किल्ली परिशिष्टात.

टेलिफोन केंद्रातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सात नंबरची तार काल चारपासून बंद आहे, तारेचा खांबच वाहून गेला.

मग काल सहापासून मला कोण —

तीन वाजता
वाजला. तोंडात पाणी घेऊन बोलल्यासारखा आवाज. निरंक. बरोबर ना, गुरुजी?

तो वाट बघत राहिला.

मग आठ नंबर. मग नऊ. चौदा. वीस. सगळे निरंक, आणि आवाज तोच. बावीस दिवे हिरवे. साहेब वर कळवताहेत, देशभर निरंक —

सहा वाजता
जिन्यात पाणी. दहा बुडाला. साहेब खात्री करायला खाली उतरले. अकरा. बारा. साहेब अजून —

फोन. या वेळी बाईचा आवाज. निरंक. थोडं थांबून, अगदी लाडाने: बरोबर ना, पंडितराव?

ताई, अंक म्हणजे मांडीही. ताई, तो विनोद होता, मी तो उगाच —

पंधरा गेला. सोळाचा फक्त माथा दिसतोय. फोन थांबत नाही. आमच्या कक्षाचा अहवाल हवाय त्यांना. आकडा असेल तर आकडा, नसेल तर —

आता दिसत नाही. नियमाप्रमाणे लिहितो.

निरं